बोनेअरला डायव्हिंगला जातोय, ट्रकमधल्या चोऱ्यांचं काय करायचं?

मासोळी_मी

नमस्कार मंडळी. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर जाऊन आलेलं कोणी आहे का इथे? आम्ही तिघं चाललोय, मी, माझी धाकटी बहीण आणि माझा नवरा. बहीण आणि मी डायव्ह करतो, नवरा गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. आजवर आम्ही सगळं डायव्हिंग बोटीवरून केलंय, सामान बोटीवर राहतं, बोटीवर कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे चोरीबिरीचा विचार कधी डोक्यातच आला नव्हता. इथे म्हणे पिकअप भाड्याने घ्यायचा, मागे हवेचे टँक टाकायचे, रस्त्याकडेला पिवळा दगड दिसला की थांबायचं आणि किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरायचं, कोणाची वाट बघायला नको, कोणी घाई करायला नको. ऐकूनच आम्ही दोघी नाचायला लागलो.

पण आता जो भेटतो तो एकच सांगतो, ट्रकला कुलूप लावू नका, काचा खाली ठेवा, आत काहीही ठेवू नका. म्हणजे नक्की काय? गाडी सताड उघडी टाकून तासभर पाण्याखाली जायचं? मग ट्रकची किल्ली, लायसन्स, थोडेफार पैसे, फोन हे सगळं कुठे ठेवायचं, पोटाला बांधून तीस मीटर खाली न्यायचं का? नवऱ्याला ट्रकपाशी राखणीला बसवलं तर चालेल का, तो पुस्तक वाचत बसेल, तो तयार आहे. आणि आम्ही दोघी बायका, संध्याकाळनंतर बाहेर पडणं, नाइट डायव्ह वगैरे, हे कितपत बरं? घाबरवू नका प्लीज पण गोड गोड पण सांगू नका, तिकिटं काढून झालीयेत.

---

खारा_वारा

मासोळीताई, आधी एक श्वास घ्या :) बोनेअर धोक्याचं बेट म्हणून कोणी ओळखत नाही. मारहाण, बंदूक दाखवून लुटणं असल्या गोष्टींसाठी त्याचं नाव नाही. नाव खराब आहे ते ट्रकमधून वस्तू उचलण्यासाठी आणि तेही वर्षानुवर्षं. ते तसं का हे एकदा लक्षात आलं की काय करायचं ते आपोआप सुचतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

बेट केवढंसं, २८८ चौरस किलोमीटर, वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. पश्चिमेच्या बाजूला रीफ (प्रवाळाची रांग) किनाऱ्याला इतकी चिकटलेली की पन्नासहून जास्त ठिकाणी थेट जमिनीवरून उतरता येतं. प्रत्येक ठिकाणी रस्त्याला पिवळा रंगवलेला दगड आणि त्यावर त्या साइटचं नाव. आपल्याला सापडावं म्हणून केलेली ती खूण चोरालाही तेवढीच उपयोगी पडते. दगडापाशी पिकअप उभा आहे, मागच्या रॅकमधले दोन टँक जागेवर नाहीत, आसपास माणूस नाही. याचा अर्थ मालक पाण्याखाली गेलेत आणि पाऊण तास ते तासभर काही वर येत नाहीत. घरफोडी करणाऱ्यालाही मालक अचानक परत येईल ही धास्ती असते, इथे तीसुद्धा नाही! आपण स्वतःच वेळापत्रक लावून जातो.

आता कुलूप लावलं तर काय होतं. आत काहीतरी ठेवलंय असं आपणच सांगितल्यासारखं होतं. काच फोडायला क्षणभर लागतो, त्याला आतून तुमचा ओला टॉवेल मिळतो, तो चडफडत निघून जातो आणि काचेचे पैसे तुम्ही भरता. म्हणून काचा खाली, दारं उघडी, आणि मी तर ग्लोव्ह बॉक्स पण उघडा टाकून जातो, म्हणजे लांबूनच दिसावं की इथे दमायचं काम नाही. ट्रकमध्ये काय राहतं तर पाण्याची बाटली, जुना टॉवेल, जुना टीशर्ट, दुसऱ्या डायव्हचे टँक. माझे टँक अजून कोणी नेलेले नाहीत, ते जड धूड घेऊन जाणार कुठे. चपला मात्र नेतात हं. म्हणून मी बूटीज (डायव्हिंगचे बूट) घालूनच गाडी चालवतो, चपलांचा प्रश्नच मिटला. तसेही तिथे जाड तळाचे बूट लागतातच, उतरायच्या जागा म्हणजे मऊ वाळू नव्हे, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि धारदार खडक.

नवऱ्याला राखणीला बसवायचं की नाही यावर बाकीचे बोलतीलच, माझं मत म्हणाल तर बसवू नका. एकटा माणूस निर्जन ठिकाणी बसला की चोरी टळेलही, पण समजा दोघं-तिघं आले तर तो काय करणार? चारशे रुपड्यांच्या टॉवेलसाठी त्याला तिथे का बसवायचं. त्यापेक्षा ते वाळूचे बीच आहेत, विमानतळासमोर "ते अमो" (Te Amo) नावाचं बीच आहे, तिथे माणसं असतात, त्याला तिथे सोडा आणि तुम्ही पुढे जा.

---

उंटावरचा_शहाणा

मला हा सगळा प्रकारच उलटा वाटतो. चोर मोकळे आणि पाहुण्यांनी गाड्या उघड्या टाकून फिरायचं, वर त्यालाच "स्थानिक पद्धत" म्हणून कौतुकाने सांगायचं! १० ऑक्टोबर २०१० पासून हे बेट नेदरलँड्सचा अधिकृत भाग आहे, खास महापालिका म्हणून, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून ७५ डॉलर प्रवेशकर घेतात, मरीन पार्कची फी वेगळी. मग दक्षिणेच्या त्या सरळसोट रस्त्यावर दिवसभर दोन गाड्या गस्तीला फिरवता येत नाहीत? एकच तर रस्ता आहे किनाऱ्याने. चोराला पळायला जागा तरी कुठे आहे, बेटच आहे ना ते.

असो, रागवून काही होत नाही हे मलाही कळतं. कामाचं सांगतो. खारा_वारा म्हणतात ते बरोबर असेल, पण दारं उघडी टाकण्याआधी भाड्याचा करार वाचा. नीट, बारीक अक्षरातलं. काही कंपन्या स्वतःच सांगतात उघडी ठेवा, काही कंपन्यांच्या करारात मात्र चोरीचं कव्हर गाडी बंद असेल तरच लागू होतं. काउंटरवरचा माणूस तोंडाने सांगतो एक आणि कागदावर असतं भलतंच, आणि वेळ आली की तोंडाचं कोणी ऐकत नाही. ट्रकच गेला तर काय, टायर किंवा बॅटरी काढून नेली तर काय, काच फुटली तर कोण भरणार, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या, निदान ईमेलवर.

तसंच आपला स्वतःचा प्रवास विमा. त्यात बहुतेक वेळा एक कलम असतं की लक्ष नसलेल्या वाहनातून गेलेल्या वस्तूंची भरपाई नाही, आणि वाहन उघडं असेल तर मग बोलायलाच नको. म्हणजे ट्रकमध्ये ठेवलेला कॅमेरा गेला तर तो गेलाच समजा. डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) विमा लोक घेतात, तो घ्याच, पण तो मुख्यतः डायव्हिंगच्या अपघातासाठी, उपचारासाठी, चेंबरसाठी (डायव्हरवर वाढीव दाबाखाली उपचार करतात ती बंदिस्त कोठी). त्याच्या भरवशावर सामान सोडू नका.

---

खारा_वारा

शहाणेसाहेब, कराराचा मुद्दा एकदम मान्य, मी लिहायला हवं होतं. गस्तीबद्दल मात्र एवढंच म्हणतो की रस्ता सरळ असला तरी चोर रस्त्यावर थांबत नाही, तो झुडपात असतो, निवडुंगाच्या आड. गाडी आली की दोन मिनिटं आडोशाला जातो, गेली की परत. उत्तरेला तर अजून सोपं, साइट खाली आणि रस्ता वर कड्यावर. थाउजंड स्टेप्सला (हजार पायऱ्या नाहीयेत बरं का, सत्तरच्या आसपास आहेत, पण टँक पाठीवर घेऊन वर चढताना हजार वाटतात) एकदा खाली गेलात की ट्रक दिसतच नाही. आणि त्यापुढे कार्पाटा या साइटकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता वन वे आहे, तिथून माघारी फिरता येत नाही, रिंकोन गावाकडून वळसा घालून यावं लागतं. "अरे पाकीट राहिलं ट्रकमध्ये, चल रूमवर ठेवून येऊ" असं तिथे होत नाही, म्हणून रूममधून निघतानाच खिसे झटकायचे.

---

प्रवाळ_पाहुणी

मासोळी, मी बाई म्हणून लिहिते. मी आणि माझी मैत्रीण दोघीच गेलो होतो, कोणी पुरुष बरोबर नव्हता, आणि खरं सांगू का, क्रालेंडाइकमध्ये (बोनेअरचं मुख्य गाव) संध्याकाळी जेवायला चालत जाताना मला जितकं निवांत वाटलं तितकं फार कमी ठिकाणी वाटलंय. छोटं गाव आहे, समुद्राकडेच्या रस्त्याला माणसं असतात, नऊ-दहापर्यंत वर्दळ असते. कोणी मागे लागलं नाही, कोणी टोमणे मारले नाहीत. म्हणून अगदीच बिनधास्त राहा असं नाही म्हणत, जिथे दिवे नाहीत त्या गल्ल्यांतून रात्री कशाला जायचं, पण ते आपण कुठेही करतोच ना.

नाइट डायव्हचं मात्र वेगळं. दक्षिणेला मिठागरांच्या बाजूला रात्री गेलात तर अक्षरशः काळोख. दिवे नाहीत, वस्ती नाही, फोनला रेंज येते जाते, आणि रस्त्यात गाढवं उभी असतात, ती हेडलाइट पडेपर्यंत दिसतच नाहीत!! मला चोरापेक्षा गाढवाची जास्त भीती वाटली, एकदा कचकन ब्रेक मारावा लागला. तेव्हा नाइट डायव्ह करायचीच तर ज्या रिसॉर्टला उतरलात त्यांच्या हाउस रीफवर, म्हणजे रिसॉर्टसमोरच्याच रीफवर करा. सामान खोलीत, किल्ली रिसेप्शनला, पाण्यातून बाहेर आलात की दिव्याखाली, बाजूला दुसरे डायव्हर असतात. पौर्णिमेनंतर दोन-चार दिवसांनी अंधार पडल्यावर ऑस्ट्राकॉड नावाचे इवले जीव पाण्यात निळ्या प्रकाशाच्या माळा सोडतात, ते बघायला मिळालं तर बघाच, पण तेही हाउस रीफवरून दिसतं, त्यासाठी रानात जायला नको. टाउन पियरला रात्री जायचं असेल तर गाइड घ्यावाच लागतो, परवानगी लागते, तिथे आपोआपच एकटं नसतो आपण.

आणि एक, ज्याकडे लोकांचं लक्ष नसतं ते म्हणजे आपली राहायची खोली. सगळे ट्रक ट्रक करतात आणि तळमजल्याच्या खोलीचं समुद्राकडचं सरकतं दार नुसतं ओढून जेवायला जातात. वाऱ्यासाठी रात्री ते उघडं ठेवून झोपतात! तिथे वारा सुटतो मस्त, मोह होतो, मला माहितीये. दाराच्या खाचेत घालायची दांडी असते ती घाला, नसेल तर मागा. वेटसूट, फिन्स बाहेर वाळत घातलेलं चालेल, पण रेग्युलेटर (टँकमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र) आणि मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर रात्री आत. बऱ्याच ठिकाणी डायव्हर्सना धुवायच्या टाकीपाशी लॉकर देतात, त्याला स्वतःचं कुलूप लागतं, ते घरून घेऊन जा. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत, फिरवायचा नाही, फोटो काढून ठेवायचा.

मी तर असं म्हणेन की वरच्या मजल्याची खोली मागा, थोडे पैसे जास्त गेले तरी.

---

नुसताच_वाचक

मी पोहत सुद्धा नाही पण धागा भारी चाललाय. दारं उघडी, काचा खाली, ग्लोव्ह बॉक्स उघडा... चोराला चहा पण ठेवायचा का मग? 😀

---

खारा_वारा

@नुसताच_वाचक, चहा नको, पाण्याची बाटली ठेवतो ना :D

गंमत म्हणजे तिथली सगळ्यात नावाजलेली रेक डायव्ह (बुडालेल्या जहाजावरची) हीच मुळात गुन्ह्याची भानगड आहे. हिल्मा हूकर नावाचं मालवाहू जहाज, १९८४ मध्ये बंदरात आणलं, तपासलं तर आत सुमारे ११ हजार किलो गांजा. मालक काही पुढे आला नाही, जहाजात पाणी भरत गेलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते बुडालं. आता ७२ मीटर लांबीचं ते धूड उजव्या कुशीवर तीस मीटरवर पडलंय आणि आपण पैसे देऊन बघायला जातो. तिथे पार्किंगला बहुतेक वेळा इतर ट्रक असतात, त्या मानाने बरं. माणसं असलेल्या जागा निवडणं हा पण एक उपाय आहे, सॉल्ट पियर (बोट लागलेली नसेल तेव्हाच), हिल्मा हूकर, बारी रीफ. एकटा ट्रक असला की जास्त धोका, चार ट्रक उभे असले की त्यातलं कोणीतरी वर येत जात असतं.

---

मासोळी_मी

बापरे किती माहिती, सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला, राखणदाराच्या नोकरीवरून काढल्याबद्दल त्याने तुम्हाला थँक्यू सांगितलंय.

एक शंका अजून आहे. फोन ट्रकमध्ये ठेवायचा नाही हे कळलं. पण मग पाण्यातून बाहेर आल्यावर बहिणीला काही झालं, म्हणजे चक्कर, छातीत दुखणं, काहीही, तर मी फोन कुठून करणार? चोरीला घाबरून फोन खोलीत ठेवायचा आणि गरज पडली तेव्हा हातात काहीच नाही, हे मला चोरीपेक्षा भयंकर वाटतंय. बहिणीचं हे पहिलंच शोअर डायव्हिंग आहे म्हणून जास्त काळजी.

---

डॉ_बुडबुडे

बरं झालं विचारलंत, कारण या "काहीच नेऊ नका" सल्ल्याचा हाच सगळ्यात मोठा तोटा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. मी डॉक्टर आहे, डायव्हिंगही करतो, म्हणून जरा स्पष्टच लिहितो. बोनेअरला तुमची चप्पल जाण्याची शक्यता खूप आहे, पण जीव जाण्याची वेळ आली तर ती पाण्यामुळे येईल, चोरामुळे नाही. लोक चोरीची तयारी आठवडाभर करतात आणि उतरायच्या जागी लाट कशी फुटतेय ते मिनिटभर उभं राहून बघत नाहीत. खडकावरून घसरून पाय मुरगळणं, टँकसकट आपटणं, बाहेर येताना लाटेने आडवं करणं, दम लागणं. मरीन पार्कमध्ये हातमोजे घालायला बंदी आहे, त्यामुळे तोल गेला की उघडा तळवा थेट खडकावर किंवा काटेरी सी अर्चिनवर. पूर्वेच्या बाजूला तर माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय उतरूच नका, तिकडे वाऱ्याची बाजू, समुद्र कायम उसळलेला.

तर फोन हवाच. पर्याय असे. एक जुना स्वस्त फोन, ज्यात बँकेचं काही नाही, फोटो नाहीत, नुसतं चालू सिम आणि चार्ज. तो पाण्याच्या बाटलीशेजारी टॉवेलमध्ये ठेवा, गेला तर गेला. किंवा खोल पाण्यासाठी तपासलेल्या डब्यात घालून बरोबर खाली न्या. मी पहिलाच प्रकार करतो, दुसऱ्यात डबा गळला तर ऐन वेळी फोनच मेलेला असतो. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुमचे यजमान! ते डायव्ह करत नाहीत ना? त्यांच्याकडे चालू फोन, आणि तुम्ही कोणत्या साइटवर उतरताय, किती वाजता बाहेर येणार हे त्यांना माहीत. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुमचा निरोप नाही आला तर त्यांनी फोन फिरवायचा. राखणीपेक्षा ही नोकरी कितीतरी मोलाची आहे.

पोलिसांचा नंबर ९११, तो लक्षात ठेवा, अँब्युलन्सचा नंबर पोहोचलात की डायव्ह शॉपमध्येच विचारून त्या जुन्या फोनमध्ये घाला. बेटावर क्रालेंडाइकच्या हॉस्पिटलमध्ये हायपरबॅरिक चेंबर आहे, हे फार मोठं सुख, बऱ्याच बेटांवर ते नसतं. डॅनची इमर्जन्सी लाइन चोवीस तास चालू असते, तोही नंबर घाला. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, न ओसरणारा थकवा, अंगावर विचित्र डाग असं डायव्हनंतर काही वाटलं तर (ही दाबातल्या बदलाने होणाऱ्या त्रासाची लक्षणं असू शकतात) "झोपून उठल्यावर बघू" करायचं नाही. बहिणीची पहिली डायव्ह डायव्ह शॉपच्या समोरच करा, तशीही तिथे मरीन पार्कची माहिती आणि एक चेक डायव्ह झाल्याशिवाय बाकीकडे जाऊ देत नाहीत.

आणि हो, बाहेर येताना ट्रकपाशी कोणी खुडबुड करताना दिसलं तर पाण्यातच थांबा. ओरडत धावत जाऊ नका. पाठीवर टँक, पायात फिन्स, दमलेले, तुम्ही काय पकडणार त्याला. कपडे, अंगयष्टी, गाडी असेल तर नंबर एवढं बघून ठेवायचं.

---

उंटावरचा_शहाणा

डॉक्टर, टाळ्या. एवढंच जोडतो, गेलंच काही तर क्रालेंडाइकच्या पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार लिहून घ्या, किरकोळ असलं तरी. लोक "सुट्टीचा अर्धा दिवस कोण घालवणार" म्हणून जात नाहीत आणि मग विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. त्यासाठी निघण्याआधीच रेग्युलेटर, कॉम्प्युटर, कॅमेरा यांचे सिरीयल नंबर आणि बिलांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. महागडा कॅमेरा असेल तर तो घेऊन शोअर डायव्ह एकापाठोपाठ एक करूच नका, कारण जेवायला थांबलात की तो ट्रकमध्येच राहतो. क्लाइन बोनेअरला (समोरचं छोटं बेट) बोटीने जायच्या दिवशी न्या, बोटीवर तो सांभाळला जातो.

---

खारा_वारा

डब्याबद्दल थोडं, कारण मासोळीताईंनी किल्ली आणि लायसन्सचं विचारलं होतं आणि ते राहूनच गेलं.

किल्ली: ट्रक घेताना साधी लोखंडी किल्ली मागा. तिथले डायव्हर्सचे पिकअप मुद्दाम साधे असतात, बहुतेक ठिकाणी मिळतेच. ती दोरीला ओवून बीसीडीच्या (टँक लावायचं, हवा भरता येणारं जॅकेट) आतल्या रिंगला अडकवायची, खिशात सुट्टी टाकायची नाही, खिसा उघडताना पडते. बटणवाली किल्ली दिली तर बदलून घ्या, खाऱ्या पाण्यात ती मेली तर भुर्दंड तुमच्याच माथी. टायरवर, बंपरखाली, दगडाखाली किल्ली लपवायची नाही. झुडपातून तो तुम्हाला गाडी लावल्यापासून बघतोय असं धरून चाला.

लायसन्स: ते गाडी चालवताना जवळ हवं, म्हणजे ते पाण्यात येणार. त्याच्याबरोबर एक कार्ड, वीस-तीस डॉलरच्या नोटा (तिथलं चलन २०११ पासून अमेरिकन डॉलरच आहे, बदलायची भानगड नाही). यासाठी छोटा ड्राय बॉक्स. पण बीचवर मिळतो तो रंगीत प्लास्टिकचा गळ्यात घालायचा डबा नको, तो पोहायला ठीक. तीस मीटरवर बाहेरून चार वातावरणांचा दाब असतो आणि डब्यात हवा एकाच वातावरणाची, तो चेपतो किंवा झाकणातून पाणी ओढतो. किती मीटर खोल चालतो तो आकडा छापलेला, ओ-रिंगवाला (झाकणाला रबरी कडं असलेला) घ्या. बंद करताना रिंगवर वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी गळतो, आणि केस कायम असतोच कोणाचा तरी. पहिल्यांदा आत फक्त टिश्यू पेपर घालून एक डायव्ह करा, कोरडा निघाला की मगच लायसन्स घाला. नोटा भिजल्या तर वाळतात, कार्डही वाचतं, त्यामुळे डबा गळला तरी फार रडायचं कारण नाही. फोनचं तसं नाही, तिथे डॉक्टरांशी सहमत.

---

मासोळी_मी

ड्राय बॉक्स आत्ता ऑर्डर केला, नवऱ्याचा फोन अलार्मसकट सेट झाला, भाड्याच्या कंपनीला तीन प्रश्नांचा मेल गेलाय.

शेवटचं विचारते, हसू नका. ट्रक बहीण चालवणार आहे (मला गिअरची गाडी जमत नाही) आणि तिला चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. मास्कला नंबरच्या काचा आहेत, तो प्रश्न नाही. पण चष्मा ट्रकमध्ये ठेवला आणि गेला तर आम्ही परत कशा येणार? मास्क लावून गाडी चालवायची का?

---

प्रवाळ_पाहुणी

हसले, सॉरी 😄 पण माझा पण मायनस सहा आहे त्यामुळे हे मी पुरतं भोगलंय. चष्मा पाण्याने बिघडत नाही गं! कडक प्लास्टिकची केस घे, तिला दोन्ही टोकांना भोकं पाड म्हणजे पाणी आत जाईल बाहेर येईल, चेपायचा प्रश्नच नाही, आणि ती केस बीसीडीच्या चेन असलेल्या खिशात. बाहेर आलं की गोड्या पाण्याने धुवायचा, त्यासाठीच ती बाटली ट्रकमध्ये. रोजचा चष्मा नको, जुन्या नंबरचा असेल तो ने, फ्रेम धातूची असेल तर स्क्रू गंजतात म्हणून प्लास्टिकची बरी. आणि एक जास्तीचा जोड खोलीत. गॉगलचं म्हणशील तर तिथे तो लागतोच, ऊन फार आहे, पण नंबरचा महागडा गॉगल ट्रकमध्ये ठेवू नको. चपलांच्या आधी तोच जातो.